पाकोळी आणि भिंगरी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आमच्यापूर्वी जी भाषणे झाली ती शिक्षण, आरोग्य आणि संस्थेचा इतिहास अशा भारदस्त विषयांवर झाली. त्यानंतर एका शाळामास्तराने उठून दोन पाखरांविषयी बोलावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. कार्यवाहसाहेबांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा तेही क्षणभर थांबले, आणि मग हसून म्हणाले, "मास्तर, पाखरांचा आणि ट्रस्टचा काय संबंध?" संबंध आहे, आणि तो अगदी जवळचा आहे. ज्या व्हरांड्यात आपण या घटकेला बसलो आहोत त्याच्या छताकडे कृपा करून एकदा वर पाहावे. तुळईला लागून मातीच्या सुरईसारखी तीन घरटी आहेत. येताना आपण ज्या मोठ्या दरवाजाखालून आलात त्याच्या कमानीच्या पोटात पिसांचे आणि काड्यांचे ओबडधोबड पुंजके चिकटलेले आहेत. महोत्सवाच्या सांगता समारंभापूर्वी, म्हणजे येत्या उन्हाळ्यात, इमारतीची जी दुरुस्ती व्हावयाची आहे तिच्या यादीत चौथे कलम असे आहे : "कमानी व छत झाडून, घरटी काढून चुना देणे." या चौथ्या कलमाविषयीच आम्हांला दोन शब्द बोलावयाचे आहेत. तथापि ते बोलण्याआधी ही घरटी कोणाची, हे सांगितले पाहिजे.

आपल्यापैकी बहुतेक जण म्हणतील, "त्यात सांगावयाचे काय? ही अबाबीलची घरटी." आमच्या घरीही हेच म्हणत. आमची दादी आकाशात भिरभिरणाऱ्या प्रत्येक काळ्या पाखराला अबाबील म्हणे आणि त्याच्या घरट्याला हात लावू देत नसे. या आदरामागे कारण आहे. कुराण शरीफातील एकशेपाचव्या सूरेत हत्तींचे सैन्य घेऊन मक्केवर चालून आलेल्या लष्कराची हकीकत आहे, आणि त्या लष्कराचा नाश ज्या पाखरांच्या हातून झाला त्यांच्या संदर्भात हा शब्द तेथे आलेला आहे. परंतु अरबी जाणणारे सांगतात की त्या शब्दाचा अर्थ 'थव्याथव्यांनी' असा आहे. ते कोणा एका पाखराचे नाव नव्हे. आपल्या हिंदुस्थानी भाषेत तो शब्द पाखराचे नाव होऊन बसला, आणि तोही एका पाखराचा नव्हे तर दोघांचा. मराठीतही घोटाळा कमी नाही. पाकोळी म्हटले की कोणी या पाखराला समजतो, कोणी त्या; आणि काही गावांत तर लहान वटवाघळालाच पाकोळी म्हणतात. नाव एक आणि त्याचे धनी दोन असले म्हणजे पुढे काय होते, हे आम्ही स्वतःच्या चुकीवरून शिकलो आहो. ती चूक येथे सांगण्यात आम्हांला संकोच वाटतो. पण सांगणे इष्ट आहे.

सुमारे बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मृगाचा पाऊस वादळ घेऊन आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सहावीतील एक मुलगा ओंजळीत एक काळे पाखरू घेऊन वर्गात आला. शाळेच्या अंगणात ते पालथे पडले होते. जखम कोठे दिसत नव्हती, डोळे टपोरे आणि जिवंत होते. वर्गभर मुले गोळा झाली. आम्ही विज्ञानाचे पदवीधर, अध्यापनाचे शिक्षण घेतलेले. मुलांनी अर्थातच आमच्या तोंडाकडे पाहिले. आम्ही मोठ्या खात्रीने सांगितले, "अरे, ही अबाबील. तारेवर रांगेने बसते ती पाहिली नाही का? हिला लिंबाच्या फांदीवर ठेवा. पंख वाळले म्हणजे जाईल उडून." मुलांनी तसे केले. पाखरू फांदीवरून घसरून खाली पडले. त्यांनी पुन्हा ठेवले, ते पुन्हा पडले. तिसऱ्यांदा एका मुलाने त्याचे पाय फांदीभोवती वळवून पाहिले. पण ते पाय वळेनात. दुपारपर्यंत हा खेळ चालला. शेवटी आम्ही त्याला खोक्यात घालून भाताची शिते आणि पाणी ठेवले. त्याने शिताला तोंड लावले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मेलेले होते.

तो मुलगा रडला नाही. त्याने एवढेच विचारले, "सर, याचे पाय असे का?" तेव्हा प्रथम आम्ही त्या पाखराचे पाय पाहिले. तोपर्यंत सारा वेळ आम्ही त्याचे पंख आणि रंगच पाहत होतो.

त्या पायांतच सारा उलगडा आहे. चिमणी, बुलबुल, साळुंकी यांचे पाय आपण पाहिले असतील. तीन बोटे पुढे आणि एक मागे. या चार बोटांची पकड फांदीवर घट्ट बसते, म्हणून ही पाखरे झोपेतही पडत नाहीत. भिंगरीचे पाय लहान आणि नाजूक असले तरी याच घडणीचे आहेत. म्हणून ती तारेवर बसते, फांदीवर बसते, ओल्या मातीवर उतरून चार पावले टाकते. पाकोळीचे तसे नाही. तिचे पाय अगदी आखूड, आणि चारी बोटे पुढच्या बाजूला वळणारी, टोकाला बळकट नख्या असलेली. आकड्याने खुंटीला कोट अडकवावा तशी ती खडबडीत भिंतीला स्वतःला अडकवून घेते. फांदी धरणे तिच्या पायांना शक्यच नाही. जे पाखरू आयुष्यात कधी फांदीवर बसले नाही, त्याला आम्ही तीन वेळा फांदीवर बसविले. पाकोळीच्या कुळाला शास्त्रज्ञांनी जे नाव दिले आहे त्याचा ग्रीक भाषेतील अर्थ 'बिनपायांची' असा आहे. प्राचीन काळी ॲरिस्टॉटलनेही भिंगरीसारख्या दिसणाऱ्या बिनपायांच्या पाखरांचा उल्लेख करून ठेवलेला आहे. म्हणजे सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी ज्याची नोंद झाली ते आम्हांला ठाऊक नव्हते.

आता ही दोन्ही पाखरे आकाशात कशी ओळखावी ते सांगतो, कारण मुलांनी घरी जाताना ती पाहावी अशी आमची इच्छा आहे. मोठ्या दरवाजावरची जी पाकोळी, ती चिमणीहून किंचित लहान, रंगाने धुरकट काळी. गळ्याशी पांढरा डाग, आणि पाठीच्या शेवटी शेपटीच्या मुळाशी पांढराशुभ्र पट्टा. शेपूट आखूड आणि टोकाला बहुतेक सरळ कापल्यासारखी. पंख मात्र शरीराच्या मानाने फार लांब, विळ्यासारखे वाकडे. पसरले म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत दीड वीत भरतात. ती उडताना हे पंख ताठ धरते. कधी भराभर फडफडविते, कधी तसेच ताठ ठेवून घसरत जाते. संध्याकाळी दहावीस जणींचा घोळका एकाच वेळी किंचाळत इमारतीभोवती घिरट्या घालू लागला की समजावे, या पाकोळ्या. बिदर शहरात हा देखावा पाहावयाचा असेल तर महमूद गावानच्या मदरशापाशी मावळतीच्या वेळी उभे राहावे. १४७२ साली उभी राहिलेली ती विद्येची वास्तू. सतराव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या स्फोटात तिचा बराच भाग कोसळला. जो मिनार शिल्लक आहे त्याच्याभोवती या पाकोळ्या फेर धरतात. विद्यार्थी गेले, पण शाळा सुटल्याचा गलबला तेथे रोज होतोच, असे आम्ही आमच्या मुलांना गमतीने सांगतो.

व्हरांड्यातील जी लालबुडी भिंगरी तिचे रूप निराळे. पाठ निळसर काळी आणि तकतकीत, मानेवर व शेपटीच्या मुळाशी तांबूस रंग, पोट फिकट आणि त्यावर बारीक रेघा. शेपूट खोल दुभंगलेली, जणू उघडलेली कात्री. तिचे उडणे मोकळे आणि सावकाश. ती बहुधा शेतावरून, तळ्यावरून, खाली खाली फिरते, आणि दमली की तारेवर बसून हलक्या आवाजात चिवचिवते. पाकोळी कोठे बसून चिवचिवताना कोणी पाहिली आहे काय? नाही. येथे आणखी एक खूण सांगून ठेवतो : तारेवर बसलेले पाखरू पाकोळी असणार नाही.

भिंगरीच्या कुळात आपल्या भागात आणखीही काही जणी आहेत. पाण्याच्या काठी, पुलाखाली राहणारी तारवाली भिंगरी, जिच्या शेपटीला दोन बारीक तारा लोंबतात. हिवाळ्यात उत्तरेकडून येऊन तारांवर शेकड्यांनी ओळी धरणारी पाहुणी भिंगरी. आणि किल्ल्यांच्या भिंतींतून राहणारी धुरकट तपकिरी रंगाची कड्यावरची भिंगरी. ही शेवटची तर लांबून थेट पाकोळीसारखी काळपट दिसते आणि जाणत्यालाही फसविते. पण तिचे घरटे पाहिले म्हणजे संशय राहत नाही, कारण ते मातीचे असते.

घरटे हा दोघींतील दुसरा मोठा भेद. भिंगरी ही गवंडीण आहे. वळवाचा पाऊस पडून गेला की डबक्याच्या काठी उतरून ती चोचीत चिखलाची एकेक गोळी उचलते आणि छताला लावीत जाते. अशा शेकडो गोळ्या लावल्यावर सुरईच्या आकाराचे घरटे तयार होते. त्याला एका बाजूला बोळकांडीसारखा दरवाजा असतो. आत पिसांची गादी. आम्ही पाहिले आहे की बिदरच्या पठारावर, जेथे जांभ्याची लाल माती आहे, तेथे ही घरटी लाल असतात, आणि भालकी-औरादकडे काळ्या रानात ती काळी होतात. ज्या गावची माती, त्या गावचे घर.

पाकोळीला माती मिळणेच शक्य नाही, कारण ती जमिनीवर उतरत नाही. मग ती घर कशाचे बांधते? वाऱ्यावर उडत आलेले पीस, गवताची काडी, धाग्याचा तुकडा, जे काही हवेत तरंगते ते ती उडता उडता झेलते आणि आपल्या चिकट लाळेने कमानीच्या पोटाला चिकटविते. विणीच्या दिवसांत तिच्या लाळेच्या ग्रंथी मोठ्या होतात, त्या एवढ्यासाठीच. हा गुण त्या साऱ्या कुळाचाच आहे. कोकणात वेंगुर्ल्याजवळच्या समुद्रातील खडकांवर या कुळातील एक लहान पाखरू राहते. त्याच्या घरट्यात लाळेचा अंश फार. म्हणून परदेशी सार खाणाऱ्यांसाठी ती घरटी चोरून विकण्याचा धंदा तेथे चालत असे. ज्या लाळेने पाकोळी घर सांधते त्याच लाळेने ती पिलांसाठी पकडलेल्या किड्यांची गोळी बांधते आणि घशात साठवून घरी नेते. पाणीही ती उडतानाच पिते. तळ्यावरून घसरत जाऊन चोच पाण्याला लावते. युरोपात हिची एक थोरली बहीण आहे. स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी तिच्या पाठीवर लहानसे यंत्र बसवून पाहिले, आणि २०१६ साली जाहीर केले की त्यांपैकी काही पाखरे विणीचे दिवस सोडून वर्षाचे दहा महिने कोठेही न उतरता हवेतच राहिली. आपली पाकोळी एवढी टोकाची नाही. ती रोज रात्री घरट्यात परत येते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. चौथ्या कलमाच्या वेळी तिचे काम पडणार आहे.

आता कोणी विचारील, की दिसावयास सारखी, खाणे सारखे, राहणे एकाच इमारतीत. मग या बहिणी नव्हेत असे कशावरून? हा प्रश्न मोठमोठ्यांनाही पडला आहे. प्राण्यांना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत घालून देणारा स्वीडिश पंडित लिनियस, त्याने १७५८ साली पाकोळीला भिंगरीच्याच गणात घातले होते. पुढे १७७७ साली स्कोपोली नावाच्या शास्त्रज्ञाने तिचा गण वेगळा केला. पुढच्या पंडितांनी हाडे तपासली. पाकोळीच्या पंखात खांद्याकडचे हाड अगदी आखूड आणि पंजाकडचा भाग फार लांब. भिंगरीचा पंख इतर गाणाऱ्या पाखरांसारखा. आजच्या काळात रक्तामांसातील आनुवंशिक द्रव्य तपासून कूळ सांगता येते, आणि त्यानेही हाच निकाल दिला आहे. भिंगरीचे जवळचे नातेवाईक म्हणजे बुलबुल आणि वटवट्या. पाकोळीचे जवळचे नातेवाईक म्हणजे अमेरिका खंडातील हमिंगबर्ड नावाची, फुलांपुढे तरंगणारी इवलीशी पाखरे, आणि लांबच्या नात्यात आपला रातवा. आमच्याकडे बागेतील शिंजिराला पुष्कळ लोक हौसेने हमिंगबर्ड म्हणतात. तोही असाच घोटाळा आहे. शिंजीर त्यांचा कोणी नव्हे, आणि ज्या पाकोळीकडे कोणी पाहत नाही ती मात्र त्यांच्या घरची आहे.

मग हे सारखेपण आले कोठून? ते धंद्यामुळे आले. दोघींनाही उडते किडे हवेतच पकडून पोट भरावयाचे. त्या कामाला लांब टोकदार पंख, आखूड चोच आणि मोठा जबडा लागतो. हजारो पिढ्या तेच काम करता करता दोन निराळ्या कुळांना जवळजवळ एकच रूप आले. बिदर शहरात बिदरी कामाच्या कारखान्यात गेलात तर हीच गोष्ट माणसांत दिसेल. जस्त आणि तांबे यांच्या भांड्यावर छिन्नीने नक्षी कोरून चांदीची तार ठोकणारे दोन कारागीर शेजारी शेजारी बसलेले असतात. दोघांची बोटे सारखी झिजलेली, पाठी सारख्या वाकलेल्या, नजरा सारख्या बारीक. हात पाहून कोणी म्हणेल, हे सख्खे भाऊ. पण संध्याकाळी उठून ते निरनिराळ्या गल्ल्यांत, निरनिराळ्या घरी जातात. एकाच्या घरची भाषा वेगळी, दुसऱ्याच्या घरची वेगळी. धंद्याने हात सारखे केले. घरे सारखी केली नाहीत. आणि ज्याला त्यांची मदत करावयाची आहे त्याने हात पाहून भागत नाही. त्यांच्या घरी काय लागते हे विचारले पाहिजे.

पक्ष्यांकडे असे नीट पाहण्याची परंपरा आपल्या भागाला नवी नाही. आपले हे जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते तेव्हा, १९३१-३२ च्या सुमारास, डॉ. सालिम अली यांनी त्या संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. त्या वेळी ते पस्तिशीतले तरुण होते. पुढे १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध पुस्तक निघाले, आणि १९८७ साली वयाच्या नव्वदीत त्यांचे देहावसान झाले. शेजारच्या सोलापूरचे मारुती चितमपल्ली यांनी मराठीत पक्षिकोश लिहून पाखरांची नावे एकत्र केली. ते २०२५ साली वारले. या दोघांची पुस्तके आपल्या ट्रस्टच्या वाचनालयात असावीत अशी सूचना आम्ही या निमित्ताने करतो. ती बारा वर्षांपूर्वी आम्ही उघडून पाहिली असती तर एक जीव वाचता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले. आपण इकडे राहिलो. आमची मावशी सीमेच्या पलीकडे आणि आम्ही अलीकडे. आमच्या वर्गातील मुले घरी एक भाषा, गल्लीत दुसरी आणि शाळेत तिसरी बोलतात. बाहेरगावचा माणूस येतो आणि आम्हां सर्वांना मिळून एकच नाव देतो. त्यात त्याचा दुष्ट हेतू नसतो. पण त्या एका नावाखाली कोणाला काय हवे आहे, कोणत्या मुलाला कोणत्या भाषेतील पुस्तक मिळाले पाहिजे, हे हरवते, आणि त्याची झळ मुलांना लागते. म्हणून आम्ही म्हणतो की नीट नाव घेणे ही केवळ पंडितांची हौस नव्हे. दानधर्म करणाऱ्या संस्थेचे तर ते पहिले काम आहे.

असो. आता चौथ्या कलमाकडे वळतो. "घरटी काढून चुना देणे" असे एका ओळीत लिहिले आहे. पण घरटी दोन प्रकारची आहेत आणि त्यांचा हिशेबही दोन प्रकारचा आहे.

व्हरांड्यातील भिंगरीची घरटी आज, या हिवाळ्यात, रिकामी आहेत. वीण संपली की भिंगऱ्या घरटे सोडून थव्याने इतरत्र फिरतात. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात त्या परत येतील, आणि जुने घरटे शाबूत असेल तर त्याचीच डागडुजी करतील. घरटी तशीच ठेवून भोवतीने चुना देता आला तर उत्तम. ते अगदीच जमत नसेल तर काम आताच, हिवाळ्यात उरकावे. उन्हाळ्यावर टाकू नये. उन्हाळ्यात तेथे अंडी आणि पिले असतील. घरटे गेले तरी भिंगरी नवे बांधू शकते. फक्त तिला चिखल मिळाला पाहिजे. अंगणभर फरशी बसविण्याचा जो विचार आहे त्यात विहिरीजवळचा वावभर तुकडा मातीचा राहू द्यावा आणि एप्रिल-मे महिन्यांत तो ओला ठेवावा. रोज दोन घागरी पाण्याचे काम आहे. आमच्या शाळेची मुले पाळीपाळीने करतील.

मोठ्या दरवाजावरील पाकोळ्यांचे तसे नाही. त्यांची घरटी कोणत्याही महिन्यात रिकामी सापडावयाची नाहीत, कारण आताच सांगितल्याप्रमाणे त्यांत त्या बारा महिने रात्री झोपतात. भिंगरीचे घरटे हे बाळंतिणीची खोली आहे. पाकोळीचे घरटे हे बारमाही घर आहे. शिवाय एक एक पीस हवेत झेलून बांधलेले ते घर मोडले तर पुन्हा उभे करावयास फार दिवस लागतात. जुन्या चुन्याच्या कमानीला घरटे चिकटते तसे ते गुळगुळीत रंग दिलेल्या सिमेंटला चिकटत नाही. म्हणून आमची विनंती अशी की दरवाजाच्या कमानीचे पोट या दुरुस्तीतून वगळावे. चुना कमानीच्या खांद्यापर्यंत द्यावा आणि तेथे थांबावे. वरचा हातभर भाग काळा राहिला तर सुवर्णमहोत्सवाला काही उणेपणा येणार नाही.

विष्ठा खाली पडते, पाहुण्यांच्या कपड्यांवर पडते, ही तक्रार खरी आहे. तिला उपाय सोपा आहे. घरट्यांच्या खाली हातभर अंतरावर एक रुंद फळी ठोकावी आणि महिन्यातून एकदा ती धुवावी. फळी घरट्याला अगदी खेटून ठोकू नये. पाखराला खाली झेप घेऊन सुटावयास मोकळी जागा लागते. त्याच्या बदल्यात ही पाखरे दिवसभर डास, माशा, उडत्या मुंग्या, वाळवीचे पंखवाले किडे टिपीत असतात, हे सांगावयास नकोच.

मुलांसाठी एक शेवटची गोष्ट. वादळानंतर एखादे काळे पाखरू जमिनीवर सापडले तर प्रथम त्याचे पाय पाहा. बोटे तीन पुढे, एक मागे असतील तर ती भिंगरी. तिला सुरक्षित फांदीवर ठेवा. चारी नख्या पुढे असतील तर ती पाकोळी. तिला फांदीवर ठेवू नका, हवेत भिरकावू नका, भात किंवा दूध तोंडात कोंबू नका. ती ओली असेल तर खोक्यात फडके घालून अंधारात वाळू द्या. मग मोकळ्या जागी जाऊन तळहात उघडा ठेवून तिला त्यावर बसवा आणि हात डोक्याच्या वर धरून उभे राहा. ती धडधाकट असेल तर थोडा वेळ थरथरेल आणि स्वतःहून उडेल. तिला बसावयास फांदी नको असते. तिच्या पंखांखाली मोकळी हवा मिळाली पाहिजे.

त्या सहावीतल्या मुलाने पुढच्याच वर्षी असे एक पाखरू तळहातावरून सोडले. आम्ही जवळ उभे होतो. पाखरू शाळेच्या छपरावरून एक फेरी मारून गेले, आणि तो आम्हांला म्हणाला, "सर, आता बरोबर." आमच्या नोकरीत आम्हांला वरिष्ठांकडून शेरे पुष्कळ मिळाले, हा शेरा आम्ही जपून ठेवला आहे.

विश्वस्त मंडळींनी चौथ्या कलमाचा फेरविचार करावा, आणि एका ओळीऐवजी ते दोन ओळींत लिहावे, एवढीच नम्र विनंती करून आम्ही आमचे भाषण संपवितो.